ठसका दुबळा झाला तर...

जेवताना ठसका लागला की ‘कोणीतरी आठवण काढली’ असे म्हणत आपण पाण्याचा पेला पुढे करतो आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः ठसका ही शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली अत्यंत तातडीची कृती असते. वाट चुकून श्वासमार्गाकडे वळलेला अन्नाचा कण अथवा पाण्याचा थेंब ती क्षणार्धात बाहेर फेकते. पक्षाघात, कंपवात, घशाचा कर्करोग किंवा स्नायू दुबळे करणारे आजार यांमध्ये गिळण्याची क्रिया बिघडते, तेव्हा या पहारेकऱ्याचे महत्त्व कैक पटींनी वाढते. दुर्दैव असे, की जे आजार गिळणे बिघडवतात तेच पुष्कळदा खोकलाही दुबळा करतात. घरच्यांना याची कल्पना नसते. उलट, ‘आता ठसका लागत नाही, म्हणजे गिळणे सुधारले’ असा समज करून घेतला जातो आणि चमच्याचमच्याने पाणी, चहा, पेज देणे सुरू होते. हा समज जिवावर बेतू शकतो. म्हणूनच गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाच्या खोकल्याची ताकद कशी जोखली जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक चौक, दोन रस्ते

आपला घसा हा एक चौक आहे. नाकातोंडातून येणारी हवा पुढील बाजूच्या श्वासनलिकेकडे जाते, तर अन्न मागील बाजूच्या अन्ननलिकेकडे. घास गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, त्याच्यावरील झाकण मिटते, आतील स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. ही सारी जुळवाजुळव सुमारे एका सेकंदात पार पडते. तिच्यात थोडा जरी उशीर झाला, तरी पातळ पदार्थ मिटत असलेल्या दारातून आत शिरतो. पाणी आणि चहा हे पदार्थ सर्वाधिक धोक्याचे ठरतात ते याच कारणाने. ते वेगाने वाहतात आणि दुबळ्या घशाला सावरायला अवधी देत नाहीत.

आत शिरलेला थेंब स्वरतंतूंच्या वरच अडला, तर तेवढ्यावर निभावते. तो स्वरतंतूंच्या खाली उतरला, तर त्याला श्वासमार्गात अन्न वा द्रव जाणे असे म्हणतात. निरोगी माणसालाही हे कधीमधी होते. पण त्याच्याकडे दमदार खोकला असतो. खोकलाच दुबळा असेल, तर तोंडातील जंतूंसह तो थेंब फुप्फुसात जाऊन बसतो आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवतो.

खोकल्याचे तीन टप्पे

खोकला ही एकच झटक्याची क्रिया वाटत असली, तरी तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मध्यपटल आणि बरगड्यांचे स्नायू भरपूर हवा आत ओढतात. दुसऱ्यात स्वरतंतू घट्ट मिटतात आणि सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या काळात पोटाचे व छातीचे स्नायू आतील हवा दाबतात. तिसऱ्यात स्वरतंतू एकाएकी उघडतात आणि कोंडलेली हवा स्फोटासारखी बाहेर पडते. कफ अथवा अन्नकण सुटा करून बाहेर नेणारा हा झोत होय.

यांपैकी कोणताही टप्पा ढासळला, तरी खोकला निकामी होतो. श्वास घेणारे स्नायू थकलेले असतील, तर फेकायला हवाच नसते. स्वरतंतू नीट मिटत नसतील, तर दाब तयार होण्याआधीच हवा निसटते. अशा माणसाचा खोकला फुसका आणि आवाज घोगरा किंवा श्वासाळ असतो. पोटाचे स्नायू दुबळे असतील, तर दाब अपुरा पडतो. त्यामुळे ‘खोकला कमी झाला’ एवढ्या नोंदीने भागत नाही. तो कोणत्या टप्प्यावर कमी पडतो हे ठरवावे लागते, कारण उपाय त्यावरच अवलंबून असतो.

सांगून येणारा आणि आपसूक येणारा

खोकल्याचे आणखी एक महत्त्वाचे वर्गीकरण आहे. डॉक्टरांनी ‘खोका’ असे सांगितल्यावर आपण जो खोकला काढतो तो ऐच्छिक. त्याची सूत्रे मोठ्या मेंदूकडे असतात. अन्नकण स्वरयंत्राला लागल्यावर आपसूक उसळतो तो प्रतिक्षिप्त खोकला. त्याची वार्ता स्वरयंत्राच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि तेथूनच हुकूम सुटतो.

हे दोन्ही खोकले एकाच वेळी बिघडतील असे नाही. पक्षाघाताच्या एखाद्या रुग्णाला सांगितलेले कळत नाही, किंवा कळूनही कृती जुळवता येत नाही, म्हणून तो सांगून खोकत नाही. मात्र लाळ घशात गेली की जोरात ठसकतो. याउलट एखादा रुग्ण सांगितल्यावर खणखणीत खोकतो, पण त्याच्या घशाची संवेदनाच हरपलेली असते. पाणी आत उतरले तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून एकाची तपासणी करून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. घशाला काडी लावून उबळ येते का, हे पाहण्याची जुनी पद्धतही येथे पुरेशी नाही. उबळीची प्रतिक्रिया वेगळी आणि गिळण्याची सुरक्षितता वेगळी. कित्येक निरोगी माणसांमध्येही ती उबळ मंद असते.

कोणाचा खोकला दुबळा होतो?

सर्वांत मोठा गट पक्षाघाताच्या रुग्णांचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, साध्या चाळणी चाचणीत पक्षाघाताच्या ३७ ते ४५ टक्के रुग्णांमध्ये गिळण्याचा दोष आढळला. सविस्तर शारीरिक तपासणीत हे प्रमाण ५१ ते ५५ टक्के, तर यंत्रांच्या साह्याने केलेल्या तपासणीत ६४ ते ७८ टक्के भरले. जितके बारकाईने पाहावे तितका दोष अधिक दिसतो, असा याचा अर्थ. गिळण्याचा दोष असलेल्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे तिप्पट, आणि श्वासमार्गात अन्न जात असल्याचे सिद्ध झालेल्यांना तो अकरा पटींच्या घरात असल्याचेही त्याच आढाव्यात नमूद होते.

कंपवातात स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा यांमुळे खोकल्याचा झोत हळूहळू क्षीण होतो. हा बदल वर्षानुवर्षे मुरत जात असल्याने घरच्यांच्या लक्षातही येत नाही. वार्धक्यात एकूणच स्नायू झिजतात. त्यात कुपोषण आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे यांची भर पडते. तंबाखू व गुटख्यामुळे होणारे तोंडाघशाचे कर्करोग आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मात्र आधीच्या व्यसनाचे परिणाम भोगणारे रुग्ण आजही आहेत. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतर घशाची संवेदना बोथट होऊन ठसकाच न येण्याची अवस्था त्यांच्यापैकी अनेकांत आढळते.

पुणे शहर व परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गिया बारे सिंड्रोम या आजाराचा उद्रेक झाला. सिंहगड रस्ता परिसरातून मोठ्या संख्येने रुग्ण पुढे आले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. या आजारात मज्जातंतूंवर हल्ला होऊन पायांपासून वर चढत जाणारी दुर्बलता येते. ती घशापर्यंत आणि छातीपर्यंत पोहोचली की गिळणे आणि खोकणे एकाच वेळी ढासळते. रुग्ण बोलत असतो, शुद्धीवर असतो, ऑक्सिजनचे प्रमाणही ठीक दिसते आणि तरीही काही तासांत त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडू शकते. अशा वेळी खोकल्याची ताकद वारंवार मोजणे हीच आगाऊ सूचना ठरते.

कापूस पिकवणाऱ्या मराठवाडा-विदर्भाने आणखी एक कारण लक्षात ठेवावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधांनी राज्य हादरले होते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत पहिले संकट ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या अवधीत, मान, घसा आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे होऊ शकतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले. उशीवरून डोके उचलता न येणे ही तिची ठळक खूण. ‘आता बरे वाटते’ म्हणून रुग्णाला घाईने घरी नेण्याचा वा पोटभर जेवू घालण्याचा आग्रह धरू नये, तो यासाठी.

ठसक्याविना शिरकाव

श्वासमार्गात अन्न जाऊनही ठसका न लागणे, याला वैद्यक ‘मूक’ प्रकार म्हणते. हाच सर्वांत फसवा. रुग्ण शांतपणे जेवतो, घरच्यांना समाधान वाटते आणि चारआठ दिवसांनी ताप, धाप, सुस्ती सुरू होते. ‘हवा बदलली’, ‘गार पाणी बाधले’ असे निदान घरातच होते आणि औषधाच्या दुकानातून गोळी येते. एकदा बरा झालेला न्यूमोनिया महिन्या-दोन महिन्यांत परततो, तेव्हा मूळ घशात आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ठसक्याऐवजी काही अप्रत्यक्ष खुणा मात्र दिसतात. घास गिळल्यानंतर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा होणे. जेवताना वारंवार घसा खाकरणे. डोळ्यांत पाणी येणे. जेवणाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागणे. कारण नसताना वजन घटणे. पुन्हा पुन्हा ताप येणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी लागणारा ठसका एकाएकी बंद होणे. यांपैकी दोनतीन खुणा एकत्र दिसल्या, तर तपासणी टाळू नये.

तपासणीच्या पायऱ्या

पहिली पायरी कानांची आणि डोळ्यांची. रुग्णाला ताठ बसवून ‘दीर्घ श्वास घ्या आणि जोरात खोका’ असे सांगितले जाते. आवाज टोकदार आहे की फुसका, आधी पुरेसा श्वास घेतला जातो का, पोटाचे स्नायू आवळतात का, कफ सुटून तोंडात येतो का, हे तपासनीस पाहतो. ‘आ’ किती वेळ लांबवता येतो, आवाज बसला आहे का, बोबडेपणा आला आहे का, याचीही नोंद होते. बसलेला आवाज, अस्पष्ट उच्चार, सांगून काढलेला खोकला दुबळा असणे, गिळल्यानंतरचा ठसका आणि गिळल्यानंतर बदललेला आवाज या खुणा पक्षाघाताच्या रुग्णांत श्वासमार्गाच्या धोक्याशी निगडित असल्याचे १९९० च्या दशकातील अभ्यासांतून पुढे आले. केवळ कानाने केलेली पारख मात्र तपासनिसागणिक बदलते. म्हणून पुढची पायरी आकड्यांची.

दुसरी पायरी म्हणजे झोताचे मोजमाप. दम्याच्या रुग्णांकडे असते ती पीक फ्लो मीटरची नळी येथे उपयोगी पडते. काही शे रुपयांत मिळणारे हे साधे उपकरण वीज वा बॅटरीविना चालते. फरक एवढाच, की फुंकर मारण्याऐवजी नळीत खोकायचे. रुग्णाला ताठ बसवावे. ओठ नीट मिटत नसतील, पक्षाघाताने चेहरा वाकडा झाला असेल किंवा गुटख्यामुळे तोंड उघडत नसेल, तर नळीला नाकतोंड झाकणारा मास्क जोडावा. पूर्ण श्वास घेऊन जमेल तितक्या जोराने खोकायला सांगावे, मध्ये विश्रांती द्यावी आणि निदान तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम आकडा लिहून ठेवावा. नुकतीच पोटाची वा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना, खोकल्यातून रक्त पडणाऱ्यांना, फुप्फुसाभोवती हवा साठलेल्यांना किंवा हृदयविकार अस्थिर असलेल्यांना ही चाचणी देऊ नये.

याच नळीत आधी साधी जोरदार फुंकर मारायला लावली, तर आणखी एक गोष्ट कळते. निरोगी माणसात खोकल्याचा झोत फुंकरीपेक्षा मोठा असतो, कारण स्वरतंतू मिटल्याने दाब साठतो. दोन्ही आकडे सारखेच येत असतील, तर स्वरतंतू मिटण्यात दोष असल्याचा संशय घ्यावा.

तिसरी पायरी प्रतिक्षिप्त खोकल्याची. सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण वाफाऱ्याच्या यंत्रातून हुंगवून खोकला उठतो का, हे पाहण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये मूक शिरकावाची चाळणी म्हणून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक टक्का द्रावण एक मिनिट दिले असता पाच वा अधिक वेळा खोकला आला, तर प्रतिक्रिया शाबूत आणि त्याहून कमी आला तर मंद, असा त्यांचा निकष होता. ही चाचणी प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णालयातच करावयाची असते, कारण दम्याच्या रुग्णात तिने श्वासनलिका आवळू शकते. घरी लिंबाचा रस घशात पिळून पाहणे हा तिचा पर्याय नव्हे; तो थेट धोका आहे.

चौथी पायरी पाण्याची. ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देऊन ठसका, खाकरणे वा आवाजातील बदल पाहण्याची चाचणी १९९२ पासून प्रचलित आहे. तीन हजारांवर रुग्णांच्या २००८ मधील अभ्यासात तिने धोक्यातील ९६ टक्क्यांहून अधिक रुग्ण ओळखले. पण ज्यांना धोका नव्हता त्यांतील निम्म्याहून अधिक जणही नापास झाले. म्हणजे उत्तीर्ण होणे दिलासा देणारे, नापास होणे हा मात्र अंतिम निकाल नव्हे. सुस्तावलेल्या, ताठ बसू न शकणाऱ्या अथवा खोकला अगदी क्षीण असलेल्या रुग्णाला एवढे पाणी एकदम पाजू नये. आत गेलेले पाणी बाहेर काढण्याची ताकदच त्याच्याकडे नसते.

शेवटची पायरी यंत्रांची. नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना घसा प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत वर्णिली गेली. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांचे चलच्चित्र घेण्याची पद्धत त्याहून जुनी. घास कुठे अडतो, कुठे शिरतो आणि शिरल्यावर रुग्ण खोकतो का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळतात. श्वासमार्गातील शिरकावाची प्रत १ ते ८ अशा श्रेणीत नोंदवली जाते. द्रव स्वरतंतूंखाली गेला आणि तो बाहेर काढण्याचा रुग्णाने प्रयत्नही केला नाही, तर ती आठवी, म्हणजे सर्वांत वाईट श्रेणी.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

निरोगी प्रौढाच्या खोकल्याचा झोत साधारणपणे मिनिटाला ३६० लिटरच्या पुढे असतो. तो मिनिटाला १६० लिटरच्या खाली गेला, तर कफ बाहेर काढण्यास खोकला अपुरा मानला जातो. हा निकष स्नायूविकारांच्या रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासातून १९९६ मध्ये पुढे आला. २७० हा दुसरा उंबरठा. बरे असतानाच ज्याचा आकडा २७० च्या खाली आहे, त्याचा झोत साध्या सर्दीपडशातही १६० च्या खाली घसरू शकतो, म्हणून अशा रुग्णांनी आधीच तयारी ठेवावी.

हे उंबरठे स्नायूविकारांच्या रुग्णांवरून ठरलेले आहेत. ते पक्षाघाताच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. वय, उंची आणि लिंग यांनुसार आकडा बदलतो. चाचणी समजली नाही, तोंडाभोवतून हवा निसटली किंवा रुग्ण थकलेला असला, तरी तो कमी भरतो. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याच रुग्णाच्या आकड्यांची दिशा अधिक बोलकी असते. आठवड्यापूर्वी ३०० असलेला झोत आज २०० झाला असेल, तर तो घसरतो आहे एवढे कळणेच महत्त्वाचे.

गिया बारेसारख्या वेगाने वाढणाऱ्या आजारात आणखी काही मापने जोडली जातात. जोराने श्वास सोडताना निर्माण होणारा दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या खाली गेला, तर खोकला आणि श्वास दोन्ही धोक्यात असल्याचे मानतात. उपकरण नसेल, तर एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगावेत. पंधरा-वीसच्या आतच दम संपत असेल, तर रुग्णाला अतिदक्षता विभागाजवळ ठेवणे शहाणपणाचे.

कोविडकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरविषयीही एक खुलासा हवा. जेवताना बोटावरचा आकडा उतरला नाही, म्हणजे श्वासमार्गात काही गेले नाही, असे मानता येत नाही. घटलेला आकडा दुर्लक्षिता कामा नये हे खरे; पण न घटलेला आकडा हे अभयपत्र नव्हे.

परभणीच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांच्या घरात होती आणि तीतील मोठा भाग ग्रामीण आहे. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२३ मध्ये. त्यापूर्वी गंभीर रुग्णांसाठी सुमारे ७५ किलोमीटरवरील नांदेड, अंबाजोगाई किंवा थेट छत्रपती संभाजीनगर गाठण्याचा प्रघात होता आणि विशेष तपासण्यांसाठी ही धावपळ अजूनही करावी लागते. जिंतूर, पालम वा सोनपेठच्या एखाद्या खेड्यातील पक्षाघाताच्या रुग्णाला गिळण्याच्या चलच्चित्र तपासणीसाठी नेणे म्हणजे गाडीचे भाडे, एका माणसाची बुडालेली मजुरी आणि आजाऱ्याची दमछाक.

याच कारणाने स्वस्त आणि साध्या चाचण्यांचे मोल येथे अधिक आहे. पीक फ्लो मीटर, मोजून घेतलेले पाणी, घड्याळ आणि प्रशिक्षित परिचारिका एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या रुग्णालयातही पहिली चाळणी होऊ शकते. ऑस्ट्रेलियातील १९ रुग्णालयांतील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताच्या रुग्णाचा ताप, साखर आणि गिळणे या तीन गोष्टींकडे परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष दिल्यावर, ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व आलेल्यांचे प्रमाण १५.७ टक्के गुणांनी कमी आढळले. त्यात महागडे औषध नव्हते. होती ती शिस्त. दूरच्या तपासणीसाठी कोणाला पाठवायचे आणि कोणाला येथेच सांभाळायचे, हे ठरवायलाही अशी चाळणी उपयोगी पडते.

गिळण्याच्या दोषावर काम करणारे तज्ज्ञ म्हणजे वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ. बोलण्याच्या दोषांपुरते त्यांचे काम मर्यादित आहे असा सार्वत्रिक समज असल्याने रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालय येथे असे तज्ज्ञ घडतात. रुग्णालयातून सुट्टी घेताना ‘गिळणे कोणी तपासले? खोकल्याची नोंद झाली का?’ एवढे दोन प्रश्न नातेवाइकांनी विचारले, तरी पुष्कळ साधेल.

तपासणीनंतर काय?

तपासणीचा उपयोग पुढील निर्णयांसाठी. गिळणे सदोष पण खोकला दमदार असेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अन्नाचा पोत बदलून तोंडाने आहार चालू ठेवण्यास वाव असतो. गिळणे सदोष आणि खोकलाही क्षीण असेल, तर सावधगिरी कितीतरी अधिक हवी. काही काळ नाकातील नळीने आहार द्यावा लागतो. नळी घातली म्हणजे धोका टळला असे नाही. लाळ आणि जठरातून उलट वर येणारे अन्न श्वासमार्गात जाऊ शकतेच. त्यामुळे नळी असतानाही रुग्णाचे डोके व छाती उंच ठेवावी.

आहाराबाबत आपल्याकडील एक सवय तपासून पाहण्याजोगी आहे. दात नसलेल्या वा आजारी वृद्धाला दुधात किंवा आमटीत भाकरी कुस्करून देतात. तो काला मऊ असला, तरी त्यात पातळ द्रव आणि घट्ट गोळे एकत्र असतात. घसा गोळ्याशी झगडत असताना पातळ भाग पुढे निसटतो. त्यापेक्षा मऊ शिजवून एकजीव घोटलेली खिचडी, घट्ट वरण किंवा घट्ट दही अशा सलग पोताच्या पदार्थांनी बहुतेकांना कमी त्रास होतो. कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, चिवडा हे भुगा होणारे पदार्थ टाळावेत. पाणी घट्ट करून देण्याचा उपाय मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा. असे पाणी रुग्णांना आवडत नाही, ते कमी पितात आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटण्याचा नवाच धोका उभा राहतो.

खोकला बळकट करण्याचेही उपाय आहेत. ठरावीक दाबाविरुद्ध फुंकण्याच्या व्यायामाने श्वास सोडणारे स्नायू सुधारतात. कंपवाताच्या रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत चार आठवड्यांच्या अशा व्यायामाने गिळण्याची सुरक्षितता वाढल्याचे दिसले. ज्यांना श्वासच पुरेसा घेता येत नाही, त्यांना पिशवीने टप्प्याटप्प्याने हवा भरून, मग खोकताना पोटावर योग्य वेळी दाब देऊन मदत करता येते. हे तंत्र भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घेतल्यास घरचा माणूसही करू शकतो.

तोंडाची स्वच्छता हा सर्वांत दुर्लक्षित उपाय. फुप्फुसात शिरलेल्या लाळेपेक्षा तिच्यातील जंतू अधिक घातक असतात. जपानमधील वृद्धाश्रमांत केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित दात घासून तोंड स्वच्छ ठेवलेल्या वृद्धांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. तोंडाने काहीच न घेणाऱ्या रुग्णाचेही दात, जीभ आणि कवळी दिवसातून किमान दोनदा साफ करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तातडीच्या खुणा

जेवताना ओठ निळसर होणे, श्वास घेताना घरघर, बोलताना एका वाक्यात दोनदा दम लागणे, कफ घशात घुटमळूनही न निघणे, ताप आणि वाढती सुस्ती, मान टाकून देणे यांपैकी काहीही दिसल्यास तोंडाने देणे तात्काळ थांबवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाठीवर निजवून पाणी पाजण्याची चूक अशा वेळी हमखास होते; ती कटाक्षाने टाळावी.

आजाऱ्याला भरवणे ही आपल्याकडे मायेची परिसीमा मानली जाते आणि ‘दोन घास तरी पोटात गेले पाहिजेत’ हा आग्रह त्यातूनच येतो. तो आग्रह चुकीचा नाही. मात्र ते दोन घास पोटातच जात आहेत ना, आणि वाट चुकल्यास त्यांना परतवण्याइतका दम आजाऱ्याच्या खोकल्यात आहे ना, याची खातरजमा भरवण्याआधी व्हायला हवी. काही शे रुपयांची एक नळी आणि दहा मिनिटांचा वेळ यांतून तिची सुरुवात होऊ शकते.